मुलं आपली वही वाचतात

(प्रभाग संघाच्या वार्षिक सभेत एका निवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या सदस्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्या आग्रहावरून छापत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, ही विनंती.)

मला निरोप आला तेव्हा सांगितलं होतं, "बाई, तुम्ही शाळेत होतात, तर मुलांच्या संस्कारावर बोला. वीस मिनिटं." संस्कार म्हटलं की आपण सगळ्या माना डोलावतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जाऊन दुधाचं बघतो. म्हणून मी जरा वेगळं करते. एक माझी शाळेतली चूक सांगते, एक आमच्या गटातली गोष्ट सांगते, आणि मधे, मुलं बरं-वाईट कसं शिकतात याबद्दल जाणत्या माणसांनी काय शोधलंय तेही सांगते. पटलं तर घ्या.

मी 29 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. पालक यायचे आणि म्हणायचे, "बाई, हल्ली शाळेत संस्कारच राहिले नाहीत." ते गेले की आम्ही शिक्षक आपसात म्हणायचो, "हल्ली घरातच संस्कार राहिले नाहीत." घर शाळेकडे बोट दाखवतं, शाळा घराकडे. आणि मूल मधे उभं राहून दोघांकडे बघत असतं. आज मी कुणाकडे बोट दाखवायला उभी नाही. दाखवलंच तर स्वतःकडे.

तुमच्यातल्या ज्या तिशी-पस्तिशीच्या आहेत त्यांना परिपाठ आठवत असेल. नव्वदच्या दशकात आपल्या राज्यातल्या शाळांत मूल्यशिक्षण आलं. दहा मूल्यं होती. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती आणि राष्ट्रीय एकात्मता. व्हरांड्याच्या भिंतीवर रंगवून घेतली होती. माझी मुलं एका दमात म्हणून दाखवायची. अधिकारी खूश, मीही खूश.

त्या दहांमध्ये चुकीचं काहीच नव्हतं. आजही एकेक शब्द सोन्यासारखा आहे. पण परिपाठ संपला की वर्गात काय व्हायचं? स्त्री-पुरुष समानता म्हणून झाली की मुली झाडू घ्यायच्या आणि मुलगे बाकं उचलायचे. कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही, पहिल्यापासून तसंच. एखाद्या मुलाने गृहपाठ केला नाही तर मी म्हणायचे, "जा, व्हरांडा झाडून काढ." म्हणजे भिंतीवर श्रमप्रतिष्ठा लिहिलेली, आणि त्याच भिंतीखाली झाडू मारणं ही शिक्षा. मुलाने काय शिकावं? भिंतीवरचं शिकावं, की हातातल्या झाडूवरचं?

हे मला तेव्हा कळलं नाही. फार उशिरा कळलं.

आता माझी चूक. पण त्याआधी एक गोष्ट, जी मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत होते. महात्मा गांधींच्या आत्मकथेत आहे. गांधीजी राजकोटला हायस्कूलच्या पहिल्याच वर्षाला होते. शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले. त्यांनी मुलांना पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले. त्यातला एक शब्द होता केटल, म्हणजे आपली चहाची किटली. छोट्या मोहनने तो चुकीचा लिहिला. मास्तरांनी बुटाच्या टोकाने त्याला खुणावलं, शेजारच्याच्या पाटीवर बघून लिही म्हणून. मोहनच्या ते डोक्यातच आलं नाही. त्याला वाटत होतं, मास्तर उभे आहेत ते आम्ही एकमेकांचं बघू नये म्हणून. शेवटी सगळ्या वर्गाचे पाचही शब्द बरोबर आले, चुकला तो एकटाच.

ही गोष्ट सांगून मी मुलांना विचारायचे, "यातून काय बोध घ्याल?" मुलं ओरडायची, "कॉपी करू नये!" मी म्हणायचे, "शाब्बास." त्या मास्तरांबद्दल मी कधी एक अक्षर बोलले नाही.

मग एक वर्ष आलं. चौथीचा वर्ग माझ्याकडे. तपासणीला अधिकारी आले आणि त्यांनी गणिताचा छोटा पेपर दिला. मुलं लिहीत होती, तेवढ्यात ते चहाला ऑफिसमध्ये गेले. मी रांगांमधून फिरायला लागले. एकाच्या उत्तरावर बोट ठेवून म्हटलं, "हे परत बघ." दुसऱ्याला म्हटलं, "हातचा विसरलास." मग धीर चेपला. चौथ्या गणिताचं उत्तर मी सरळ सगळ्यांना सांगून टाकलं. मागच्या रांगेतली एक मुलगी पेन्सिल हातात धरून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, असं सांगितलेलं चालतं का?"

मी म्हटलं, "गप्प बस, लिही."

तिने लिहिलं. वर्गाचा शेरा चांगला आला. कुणाला कळलं नाही, कुणाचं नुकसान झालं नाही, असंच मी स्वतःला समजावलं. त्या आठवड्याचा सुविचार फळ्याच्या कोपऱ्यात होता, सत्यावरचा. अक्षर माझंच.

बहिणींनो, त्या दिवशी चाळीस मुलांनी एक धडा घेतला. नियम लहानांसाठी असतात, आणि मोठ्यांचं काम अडलं की नियम बाजूला सरकवता येतात. हा धडा मी अर्ध्या मिनिटात शिकवला, आणि माझे 29 वर्षांतले सगळे परिपाठ एकत्र केले तरी इतका पक्का बसला नसेल.

आता जाणत्यांनी काय शोधलं ते सांगते. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी दोन संशोधक होते, ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे. त्यांना बघायचं होतं की मुलं प्रामाणिक कशाने होतात. त्यांनी दहा हजारांहून जास्त शाळकरी मुलांना अशा परीक्षा आणि खेळ दिले, ज्यांत फसवायची संधी होती. उदाहरणार्थ, पेपर लिहून घ्यायचा, गुपचूप त्याची नक्कल करून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरं देऊन मुलांना म्हणायचं, तुमचा तुम्हीच तपासा. कुणी उत्तर बदललं ते नकलेवरून कळायचं. 1928 मध्ये त्यांचं पुस्तक आलं.

त्यांना काय आढळलं? एक, खोटं बोलू नये, चोरी करू नये हे तोंडाने नीट सांगता येणारं मूल प्रत्यक्षात तसं वागेलच असं नाही. पाठांतराचा आणि वागण्याचा संबंध फारच कमी. दोन, मुलांची प्रामाणिक आणि लबाड अशी सरळ वाटणी होत नाही. एकच मूल एका ठिकाणी खरं वागतं आणि दुसऱ्या ठिकाणी फसवतं. कशावर ठरतं? तिथे सोबतचे काय करतात, पकडलं जायची भीती किती, मोह किती, यावर. तीन, एका वर्गातली मुलं पुष्कळदा एकमेकांसारखी वागतात. जिथे शिक्षकांचं आणि मुलांचं जमलेलं होतं, मोकळेपणा होता, तिथे फसवणूक कमी दिसली.

हे वाचलं आणि मला आमची गावाकडची म्हण आठवली, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आपल्या आज्यांना हे माहीत होतंच. पण आपण ती म्हण मुलांच्या मित्रांसाठी वापरतो, "त्या पोराच्या नादी लागू नको" म्हणून. तो ढवळ्या आपणही असतो, हे ध्यानात येत नाही.

दुसरे एक, स्वित्झर्लंडचे झां पियाजे. 1932 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. ते गोट्या खेळणाऱ्या पोरांजवळ जाऊन बसायचे आणि विचारायचे, हा नियम कुणी केला? बदलता येईल का? आणि मुलांना गोष्टी सांगायचे. त्यातली एक तुम्हाला सांगते, घरी जाऊन आपल्या पोरांना विचारून बघा. एका मुलाला जेवायला हाक मारली, त्याने दार ढकललं, दारामागे ताटात कप होते ते त्याला माहीत नव्हतं. 15 कप फुटले. दुसऱ्या मुलाने आई घरात नसताना चोरून मुरंबा काढायला हात घातला आणि एक कप फुटला. जास्त वाईट कोण? पाच-सहा वर्षांची मुलं बहुतेक म्हणतात, 15 फोडले तो. नऊ-दहा वर्षांची म्हणतात, चोरून काढत होता तो. वय वाढतं तसं मूल नुकसान सोडून हेतू बघायला लागतं.

आता आपलं बघा. पोराच्या हातून दुधाची किटली सांडली तर आपण काय करतो? आधी पाठीत धपाटा, मग विचारपूस. म्हणजे आपण, मोठ्या बायका, पाच वर्षांच्या मुलासारखा न्याय करतो. किती सांडलं ते बघतो, कसं सांडलं ते विचारत नाही. मग पुढच्या वेळी पोर म्हणतं, "मांजराने सांडलं." खोटं बोलायला त्याला टीव्हीने शिकवलं नाही. खरं सांगितलं की धपाटा बसतो, एवढा हिशोब त्याला येतो.

पियाजेंचं आणखी एक म्हणणं होतं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मुलाला नियम खऱ्या अर्थाने कळतो तो वरून लादल्यामुळे कमी, आणि बरोबरीच्यांसोबत खेळताना, भांडताना, तडजोड करताना जास्त. नियम आपण केला, आपल्यासाठी केला, हे कळलं की तो पाळला जातो.

अमेरिकेत लॉरेन्स कोलबर्ग नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी मुलांच्या नैतिक विचारांवर आयुष्यभर काम केलं. शिक्षेच्या भीतीने नीट वागणं, लोक काय म्हणतील म्हणून नीट वागणं, कायदा आहे म्हणून नीट वागणं, आणि मनाला पटलं म्हणून नीट वागणं, अशा पायऱ्या त्यांनी मांडल्या. पण त्यांनाही पुढे वाटलं की नुसत्या चर्चेने भागत नाही, शाळाच तशी चालली पाहिजे. म्हणून 1974 मध्ये केंब्रिज नावाच्या अमेरिकेतल्या शहरात एका हायस्कूलच्या आत छोटी शाळा सुरू झाली. क्लस्टर स्कूल. तिथे आठवड्याला सभा व्हायची. शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र बसायचे, आणि प्रत्येकाला एकच मत. शिक्षकालाही एकच.

त्या शाळेत एकदा कुणाच्या तरी पर्समधून 9 डॉलर चोरीला गेले. कुणी कबूल होईना. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, हा जिचे गेले तिचा आणि ज्याने घेतले त्याचा प्रश्न, आपल्याला काय? मग सभेत मुलांमधूनच मुद्दा आला की ही आपली सगळ्यांची शाळा आहे, इथे चोरी होते कारण आपल्याला एकमेकांचं काही वाटत नाही. पैसे परत आले नाहीत तर प्रत्येकाने 15 सेंट काढून ते भरून द्यायचे, असं ठरलं.

हे ऐकून तुम्ही हसताय, कारण तुम्हाला हे नवीन नाही. आपल्या गटात एकीचा हप्ता अडला की बाकीच्या काय करतात? तेच.

म्हणून मी म्हणते, आपण सगळ्या अशाच एका शाळेत शिकतोय. पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. यात प्रामाणिक राहा असं कुठे लिहिलंय? कुठेच नाही. पण पैसे गोल बसून सगळ्यांच्या देखत मोजायचे, रक्कम मोठ्याने वाचायची, पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे, पदाधिकारी बदलत ठेवायच्या. या मांडणीमुळे ज्या बाईने आयुष्यात शंभराची नोट मोजली नव्हती, ती लाखाचा व्यवहार चोख करते. कुणी प्रवचन दिलं म्हणून हे झालं नाही. खरं वागणं सोपं आणि खोटं वागणं अवघड, अशी गटाची रीत आहे म्हणून झालं.

मुलांनाही हेच लागतं. आणि मोठ्यांनाही ते सतत लागतं. आता आमच्या गटातली गोष्ट ऐका.

मी निवृत्त झाल्यावर आमच्या आळीतल्या गटाची वही लिहायचं काम माझ्याकडे आलं. दोन वर्षांपूर्वी सोयाबीनची काढणी चालू होती. दिवस दिवस बायका रानात. सलग तीन बैठका झाल्या नाहीत. काढणी उरकली आणि निरोप आला की बँकेचे साहेब सोमवारी वह्या बघायला येणार, कर्जाचं प्रकरण आहे. रविवारी रात्री आम्ही सगळ्या माझ्या घरी जमलो. मी पेन उघडलं आणि तीन बैठकांचं इतिवृत्त लिहायला घेतलं. तारीख टाकली, हजेरी लिहिली, अकरापैकी दहा हजर. अकराही लिहिल्या तर संशय येईल म्हणून एकीला गैरहजर दाखवलं. बघा, किती अक्कल चालते.

माझी नात शेजारी पाढे लिहीत बसली होती. नऊ वर्षांची. तिने वाकून वहीत बघितलं आणि म्हणाली, "आजी, त्या दिवशी तर या सगळ्या मावश्या रानात होत्या. मग इथे हजर कशा?"

एक बाई म्हणाली, "मोठ्यांच्यात बोलू नये, बाळा." आणि मला माझाच आवाज ऐकू आला. गप्प बस, लिही.

मी पेन ठेवलं. पुढचा तासभर जे झालं ते काही गोड नव्हतं. एक म्हणाली, "सगळेच गट करतात." दुसरी म्हणाली, "बचत तर आपण नंतर भरली, मग खोटं काय त्यात?" आणि एक बहीण, जिची म्हैस त्या कर्जात ठरली होती, ती म्हणाली, "बाई, तुम्हाला पेन्शन आहे. तुम्हाला खरं परवडतं." हे वाक्य मला लागलं, कारण ते बरोबर होतं. खरं बोलायची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही.

शेवटी हात वर करून मत घेतलं. सात विरुद्ध चार. लिहिलेली पानं तशीच ठेवून त्यांवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, काढणीमुळे तीन बैठका झाल्या नाहीत, तिन्ही आठवड्यांची बचत नंतर एकत्र जमा केली. खाली सगळ्यांच्या सह्या, विरोधात मत दिलेल्या चौघींच्याही.

साहेबांनी वही बघितली. रेघ मारलेली पानंही बघितली. म्हणाले, बैठकांत खंड आहे, तीन महिने नियमित चालवा, मग परत बघू. कर्ज लांबलं. त्या बहिणीने ठरवलेली म्हैस दुसऱ्याने नेली. दिवाळीत ती माझ्याशी बोलली नाही. मी इथे उभी राहून तुम्हाला सांगू शकत नाही की खरं लिहिल्यामुळे कुणाचं नुकसान झालं नाही. झालं. तिचं झालं. मग आम्ही गटाच्या बचतीतून अंतर्गत कर्ज देऊन तिची थोडी सोय केली, कारण निर्णय सगळ्यांचा तर भार एकटीवर का? कर्ज पुढे मिळालं, म्हैसही आली, पण ते महिने तिने काढले, मी नाही.

नातीने मला विचारलं, "म्हणजे आजी, खरं लिहिलं म्हणून पैसे उशिरा मिळाले?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मग पुढच्या वेळी पण खरंच लिहिणार?"

आता यावर काय सांगायचं? परिपाठातलं उत्तर तोंडावर आलं होतं, सत्याचा नेहमी विजय होतो वगैरे. ते मी गिळलं. मी म्हटलं, "हो, खरंच लिहिणार. आणि बैठक चुकवायची नाही, म्हणजे खोटं लिहायची वेळच येणार नाही." पुढच्या बैठकीत आम्ही ठराव केला, काढणी आणि लावणीच्या दिवसांत बैठक रात्री आठला, अर्धा तास, देवळाच्या ओट्यावर. तेव्हापासून खंड नाही. खरं वागायचं तर खरं वागता येईल अशी सोय आधी करावी लागते. हे मला 29 वर्षं शिकवून कळलं नव्हतं, ते त्या एका रात्री कळलं.

कॉलेजचंही थोडं बोलते, कारण तुमच्यातल्या पुष्कळजणींची मुलं आता तालुक्याला जातात. तिथेही तेच आहे. पर्यावरणाचा प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो. नाव बदलायचं, स्पायरल बाइंडिंग करायचं आणि द्यायचं. पोराला माहीत, सरांना माहीत, दुकानदाराला माहीत. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना असते, एनएसएस म्हणतात तिला. 1969 मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी ती सुरू झाली. वर्षाला 120 तास समाजाचं काम करायचं आणि सात दिवस एखाद्या गावात शिबिर करायचं. पुस्तकातली नीती हातात यावी म्हणूनच ही योजना. पण तास न भरता सही मिळाली, तर पोरगं सेवा शिकत नाही, सही मिळवायला शिकतं. तुमच्या गावात शिबिर आलं तर त्या पोरांना नुसतं हार घालून आणि फोटो काढून पाठवू नका. ग्रामसंघाने त्यांना खरं काम द्या. ज्या बहिणींना अजून सही येत नाही त्यांच्याजवळ बसवा, गावातली बंद पडलेली शौचालयं मोजायला लावा. काम खरं असलं की शिकणं खरं होतं.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगते आणि थांबते.

पहिली गोष्ट, मुलांचं काम मुलांना करू द्या. शाळेने मातीचा किल्ला किंवा कागदाची फुलं करायला सांगितली की रात्री दहापर्यंत आई फुलं करते आणि पोर झोपतं. सकाळी बाई म्हणतात, छान केलंस हं. त्याचं वाकडं फूल शाळेत जाऊ द्या. आणि शिक्षकांना सांगा, वाकड्या फुलाला हसू नका.

दुसरी, परीक्षा. दहावी-बारावीच्या वेळी आपल्यातल्या किती जणी विचारतात, "कुठल्या सेंटरला सैल असतं?" परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध आपल्या राज्यात 1982 पासून कायदा आहे. तरी खिडकीवर चढलेला मामा आपण बघतोच. त्या मामाला डबा कोण बांधून देतं? मुलाला परीक्षेआधी एक वाक्य सांगा, "तुला येईल तेवढं लिही, कमी पडले तरी घरात कुणी बोलणार नाही." आणि ते पाळा. दहावी-बारावीची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. एक विषय राहिला म्हणून सगळं आयुष्य बुडत नाही. नापास होण्याची भीती कमी केली की कॉपीचा मोह कमी होतो.

तिसरी, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. म्हणजे तुमच्या. नुसती सही करून येऊ नका. तीन प्रश्न विचारा. वर्गाचे नियम कुणी केले, मुलांना विचारून केले का? वर्ग कोण झाडतं, मुलगे आणि मुली दोघंही का? आणि मुलाने चूक कबूल केली तर त्याचं काय होतं? त्याच कायद्याने मुलाला मारायला आणि त्याला मानसिक त्रास द्यायला बंदी केली आहे, हेही ध्यानात असू द्या. काही शाळांत बालसभा चांगली चालते. काही शाळांत वही-पेन्सिलीचं दुकान मांडतात आणि त्यावर कुणी बसत नाही, मुलं वस्तू घेऊन पैसे डब्यात टाकतात. संध्याकाळी हिशोब मुलंच करतात आणि कमी पडले तर सगळ्यांसमोर बोलतात. तुमच्या शाळेत नसेल तर सुचवा. दुकानाला लागणारे चार-पाचशे रुपये ग्रामसंघ देऊ शकतो. हिशोब कसा ठेवायचा तेही आपण त्यांना शिकवू शकतो, आपल्याला येतो.

चौथी, किटली सांडली तर आधी विचारा, कशी सांडली? मग फडकं हातात द्या आणि दोघं मिळून पुसा. खरं सांगणाऱ्याला धपाटा नाही, हा नियम घरात एकदा लावून बघा. पहिले आठ दिवस तुम्हालाच जड जाईल.

आणि पाचवी, आपली वही. बैठकीला येताना मुलं सोबत असतात, मांडीवर असतात, दारात खेळत असतात. आपल्याला वाटतं त्यांचं लक्ष नाही. त्यांना सगळं ऐकू येतं. कुणाची सही कुणी केली, कुणाच्या मागे काय बोललो, दंड कुणाला लावला आणि कुणाला सोडला, सगळं. शाळेतलं मूल्यशिक्षण आठवड्यातून काही तास चालतं. आपलं दिवसभर चालू असतं, आपण शिकवतोय हे माहीत नसताना.

ती चौथीतली मुलगी आज कुठे आहे मला माहीत नाही. लग्न होऊन कुठल्यातरी गावात असेल, कदाचित कुठल्या गटातही असेल. भेटली तर मला तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. "नाही गं, चालत नाही. तू बरोबर होतीस, बाई चुकली." एवढंच. मोठ्यांनी लहानांसमोर आपली चूक कबूल करणं हाही एक धडा आहे, आणि त्याला फळा-खडू काही लागत नाही.

वीस मिनिटांपेक्षा जास्त बोलले, तेवढा दंड माझ्या नावावर लिहा. वहीत खरं लिहा.